तांबूची दिवाळी : नोंदवही, जुलै ते नोव्हेंबर २०२५

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

दिवाळीला साडेतीन महिने आहेत आणि मी आजपासून तयारीला लागते आहे. बांधकामाच्या साइटवर काम सुरू व्हायच्या आधी रोजनामचा उघडायची सवय आहे, तसाच हा घरचा रोजनामचा.

उद्दिष्ट एकच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमची कुत्री तांबू घरात, आमच्याजवळ असावी आणि तिने चार घास खावेत. फटाके तिला आवडावेत अशी माझी अपेक्षा नाही.

मागच्या वर्षीचं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कंटाळा आला की हे पान वाचता येईल. १ नोव्हेंबर २०२४, लक्ष्मीपूजन. पावणेसहाला नवरा तिला फिरवायला खाली घेऊन गेला. गेटपाशी कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. तिने एकदाच मागे रेटा दिला, गळ्यातला पट्टा कानांवरून निसटला आणि ती दिसेनाशी झाली. रात्री दोनपर्यंत आम्ही कर्वेनगरचे बोळ पालथे घातले. आईंनी दारातली रांगोळी पुसू दिली नाही, दिवा विझू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका अर्धवट बांधकामाच्या तळघरात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमागे ती सापडली. तळपाय सोललेले होते. हाक मारली तर हलेना. मी तिथेच जमिनीवर आडवी झाले, तेव्हा पोटावर सरपटत आली आणि तोंड माझ्या काखेत खुपसून राहिली. कितीतरी वेळ. तिच्या छातीचे ठोके मला माझ्या फासळ्यांवर लागत होते.

तेव्हापासून गळपट्ट्याच्या जागी छातीवरून बांधायचा हार्नेस आला, आणि त्यावर फोन नंबरचा बिल्ला. पण तो झाला फक्त पळण्याचा बंदोबस्त. भीतीचं काहीच झालेलं नाही. परवा वीज कडाडली तेव्हा ती न्हाणीघरात बादलीमागे जाऊन बसली होती.

१० जुलै, गुरुवार

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. मी गेले होते भीतीचं औषध विचारायला, त्यांनी आधी तिचे खुबे आणि पाठ चाचपून पाहिली. कुत्र्याला कुठे दुखत असेल तर आवाजाची भीतीही वाढते म्हणाले. दचकल्यावर अंग आखडतं, दुखरा भाग कळ मारतो आणि आवाज व दुखणं यांची डोक्यात गाठ बसते. तांबूचे सांधे ठीक आहेत. वजन १७ किलो, ताप नाही, दात स्वच्छ.

मग त्यांनी पद्धत सांगितली. आवाज अगदी बारीक सुरू करायचा, इतका की तिचा फक्त कान हलेल. लगेच तिच्या सर्वांत आवडीचं खाणं द्यायचं. तिला पुरतं सवयीचं झालं की आवाज एक पायरी वर. तिने घास नाकारला तर समजायचं की आपण पुढे धावलो. रशियन शास्त्रज्ञ पावलोवने कुत्र्यांवरच्या प्रयोगांत घंटा आणि लाळ यांचा जो संबंध दाखवला, त्याच वाटेने जायचं.

मी विचारलं, घाबरलेली असताना जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं का? इमारतीतले सगळे मला तेच सांगत असतात. डॉक्टर म्हणाले, बिलकुल नाही. भीती ही काही तिने मुद्दाम केलेली गोष्ट नव्हे, की लाड केल्याने वाढेल. तिला जवळ यायचं असेल तर येऊ द्या.

हे ऐकून मला किती बरं वाटलं! पाच वर्षांच्या मुलाला मेघगर्जनेत एकटं ठेवा असं कुणी म्हणणार नाही, मग हिला का?

१३ जुलै, रविवार

आज साहित्याची जमवाजमव. कोंबडीची कलेजी पाव किलो, बिनमिठाची उकडून, तूरडाळीच्या दाण्याएवढी बारीक चिरली. डबीत भरून फ्रीजरला. ही कलेजी फक्त आवाजाच्या वेळी मिळणार, एरवी नाही. म्हणजे तिचं मोल राहील.

तांबूची थोडी माहितीही इथे असू दे. वय पाचच्या आसपास. रंग तांब्याच्या जुन्या बंबासारखा, म्हणून नाव तांबू. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली येऊन बसली ती उठलीच नाही. डाव्या कानाला त्रिकोणी खाच आहे. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना ओळखीसाठी पाडतात ती. झोपेत तो कान एकटाच फडफडतो.

कुकरच्या शिट्ट्या ती मोजते. पहिल्या दोन शिट्ट्यांना डोळाही उघडत नाही, तिसरीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर. तिचा भात तिसऱ्या शिट्टीला उतरतो. घंटागाडीचं गाणं सुरू झालं की तोंड वर करून ते संपेपर्यंत सूर लावते. आणि चप्पल. घरातलं जे माणूस बाहेर असेल त्याची डावी चप्पल ती ओढून आणते आणि तिच्यावर हनुवटी ठेवून झोपते. चावत नाही, फाडत नाही. डावीच का, ते चार वर्षांत कळलेलं नाही. नवरा चार दिवस नाशिकला गेला होता तेव्हा त्याच्या चपलेवर तिच्या हनुवटीचा गोल ओलसर डाग पडला होता. ती चप्पल त्याने अजून टाकलेली नाही.

२० जुलै, रविवार

मोबाइलवर फटाक्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज. आवाज एका पायरीवर, तांबू माझ्यापासून दोन हात लांब. कान हलला, कलेजी दिली. असे आठ वेळा, मग बंद. एकूण चार मिनिटं. रोज दोनदा करायचं.

पाच दिवसांत पायरी पाचवर गेलो. लेक खूश, नवरा खूश. मला मात्र हे फार सोपं वाटतंय.

२७ जुलै, रविवार

शंका खरी ठरली. मोबाइल पूर्ण आवाजात लावला तरी तांबू आरामात कलेजी खाते, आणि आज दुपारी समोरच्या इमारतीत गच्चीवरून पत्रा पडला तेव्हा थेट बादलीमागे. थरथर, धाप, जांभयांवर जांभया. (कुत्र्याची अशी जांभई झोपेची नसते. ओठ चाटणं, डोळ्याची पांढरी कड दिसणं, शेपूट पोटाशी घेणं, ही सगळी ताणाची लक्षणं. मी ही यादी फ्रीजवर लावली आहे.)

कारण रात्री विचार करताना लक्षात आलं. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तडतड येते, धमाका येत नाही. बॉम्बचा जो खालचा, छातीत बसणारा आवाज आहे तो त्यात निघतच नाही. तिच्या लेखी हा निराळाच आवाज आहे. आपल्याला चित्र पाहून वाघ कळतो, तिला कळायचं कारण नाही.

नवऱ्याच्या म्युझिक सिस्टिमचे मोठे स्पीकर दिवाणाखालून काढले. पुन्हा एक नंबरच्या पायरीपासून.

२ ऑगस्ट, शनिवार

आजची नोंद सविस्तर करते, कारण चूक माझी होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये.

गेले तीन दिवस तांबू कलेजीची स्टीलची डबी पाहिली की उठून दुसऱ्या खोलीत जाते. आधी वाटलं पोट बिघडलंय. आज लेकीला दारात उभं केलं आणि मी जे करते ते बघायला सांगितलं. तिने दोन मिनिटांत सांगितलं, ‘आई, तू आधी डबी उघडतेस, मग आवाज लावतेस.’

एवढंच. झाकणाचा ‘टक्’ आवाज, मग माझा हात कलेजीत, मग स्पीकरमधून धडाम. मी समजत होते की धडामनंतर कलेजी येते हे ती शिकते आहे. ती शिकली ते उलटं: टक् झालं की धडाम येतो. डबी ही धोक्याची घंटा झाली होती. जगातली तिची सर्वांत लाडकी वस्तू मी तिच्या भीतीची वर्दी देणारी करून ठेवली.

खूप वाईट वाटलं. तिने तक्रार कशी करायची? उठून गेली, हीच तिची तक्रार, आणि मी तीन दिवस ती अपचन म्हणून वाचली.

दुरुस्ती: स्टीलची डबी बाद. कलेजी आता मळखाऊ कापडी पिशवीत, कमरेला, दिवसभर. आवाज नसतानाही मी पिशवीला हात लावते, उगाच, म्हणजे हाताचा आवाजाशी काही संबंध राहणार नाही. आवाज आधी. मनात एक मोजायचं. मगच हात पिशवीत. रिमोट लेकीकडे, आणि लेक दुसऱ्या खोलीत. कधी लावणार ते मलाही माहीत नसतं, त्यामुळे माझ्या अंगावरूनही तांबूला चाहूल लागत नाही.

स्टीलच्या डबीत आईंनी लवंगा भरल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

पिशवी जमली. आता पिशवी दिसली की शेपूट हलते.

ढोल! हे मला आधी सुचायला हवं होतं. गणपती २७ तारखेला, म्हणजे ढोल-ताशा पथकांचा सराव सध्या भरात. म्हात्रे पुलाच्या बाजूला नदीकाठी संध्याकाळी पथकं वाजवत असतात. ढोलाचा ठोका म्हणजे नेमका तोच खालचा, छातीत बसणारा आवाज. आणि त्याचं बटण म्हणजे आपले पाय. जवळ गेलं की मोठा, लांब गेलं की लहान. पुण्यात राहून याहून चांगली सोय कुठली?

आज पहिल्यांदा गेलो. ठोका जेमतेम ऐकू येईल इतक्या लांब, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलो. तांबूने कान टवकारले, नदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कलेजी. पुन्हा ठोका, पुन्हा कलेजी. वीस मिनिटांनी ती कट्ट्यावर आडवी झाली आणि शेजारून जाणाऱ्या भेळेच्या गाडीकडे बघत बसली.

१६ ऑगस्ट, शनिवार. दहीकाला

आज बाहेर पडलो नाही. डीजेच्या भिंती लागल्या होत्या, त्याचं बटण आपल्या पायांत नाही.

काल कट्ट्यापासून मोजून १२० पावलं पुढे जाऊन आलो. १४० ला तिने घास तोंडात घेऊन खाली टाकला. वीस पावलं मागे, बस. तिथे पुन्हा खाल्लं. मी तिला ओढत नाही. ती थांबली की मी थांबते. सराव करणाऱ्या पोरींपैकी एक दोघी विश्रांतीच्या वेळी चालत भेटायला आल्या. ढोलाचा टोल, म्हणजे ठोका द्यायची काठी, तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. तांबूने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगला, जणू पंचनामा चाललाय, आणि मग वादकाच्या हाताला बांधलेली पट्टी चाटली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला होता, तो आज बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं त्याच्या मूळ जागी परत सोडायचं. रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि हल्ला करणारी कुत्री तेवढी सोडायची नाहीत. गेले दहा-अकरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. चावा घेतलेल्या पोराच्या आईचं दुःख मला कळतं, रेबीज झाला की माणूस जवळजवळ वाचत नाही, त्यात दुमत नाही. पण बातमी वाचताना माझा हात आपोआप तांबूच्या कानाकडे जात होता. ती खाच आहे, म्हणजे तिला कुणीतरी टोचून, बरं करून आमच्याच गल्लीत परत सोडलं होतं. तसं सोडलं नसतं तर जिन्याखाली ती आलीच नसती.

आज ढोलापासून ६० पावलं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

आरतीत तांबू गायली. झांजांनी ती बिचकेल म्हणून मी पिशवी कमरेला लावून तयार होते. ‘जय देव जय देव’ आलं आणि हिने तोंड वर करून घंटागाडीला लावते तोच सूर लावला. आईंना हसू आवरेना, तबक हलत होतं.

आईंबद्दल लिहायला हवं. तांबू आली तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खडूने रेघ मारली होती. आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि त्यातला घास कुत्र्याला घालतात. पहिल्या वर्षी आई ताट घेऊन नेहमीसारख्या खाली निघाल्या, जिन्यात थांबल्या, मागे वळून आल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, घरातलं सोडून बाहेरचं कशाला शोधते मी?’ भरतात कांदा-लसूण होता, कुत्र्याच्या रक्ताला तो वाईट, म्हणून मी नुसता रोडगा तुपात कुस्करून द्या म्हटलं. त्यांनी हातावर घेऊन भरवला. खडूची रेघ नंतर कुणी काढली नाही.

आता रोज संध्याकाळी हरिपाठ चालू असताना त्यांच्या पदरावर तांबू झोपलेली असते, आणि आई तिला उठवावं लागू नये म्हणून पसायदानानंतरही तशाच बसून राहतात.

७ सप्टेंबर, रविवार

मोठी पीछेहाट. काल अनंत चतुर्दशी. आमच्या रस्त्याने मंडळांच्या मिरवणुका. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, फरशीतून ठोका पायाला लागत होता. मी खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या. त्याने वरची तडतड अडते, हा घुमारा अडत नाही. ही गोष्ट मला कामावर रोज कळते आणि घरी कळली नाही.

तांबू अकरा तास बादलीमागे. पाणी नाही, लघवी नाही. आज दुपारी वरणभात चाटला. पिशवीकडे पाहिलंही नाही.

साइटवर कॉलम ओळंब्यात नसेल तर रंग देऊन झाकत नाहीत, तोडून पुन्हा भरतात. चार दिवस पूर्ण सुट्टी: ना आवाज, ना शिकवणं. फक्त तिच्या आवडीचं. मग पुन्हा पायरी एक.

१४ सप्टेंबर, रविवार

सुट्टीचे चार दिवस छान गेले, आणि त्यातूनच पुढचं काम सापडलं.

ती बादलीमागे का जाते, याचा मी आजवर विचारच केला नव्हता. न्हाणीघर आमच्या घराच्या मधोमध, बाहेरची एकही भिंत नाही, खिडकी फक्त डक्टला. घरातली सर्वांत शांत जागा तिने स्वतः शोधून ठेवली होती, आणि आम्ही तिला दर वेळी तिथून ‘बाहेर ये, बाहेर ये’ म्हणून ओढत होतो. त्या भिंतीला लागूनच पॅसेजमधलं भिंतीतलं कपाट आहे, खालच्या कप्प्यात गोधड्या. आज तो कप्पा रिकामा केला. तळाला जुनी गादी, बाजूंना गोधड्या उभ्या घड्या करून, दाराच्या जागी आईंच्या माहेरची वाकळ, एक बाजू मोकळी. तिला कोंडायचं नाही, येता-जाता आलं पाहिजे.

फोनवरच्या ॲपने मोजलं. ॲप काही प्रमाणित यंत्र नव्हे, पण फरक समजायला पुरे. हॉलच्या खिडकीशी स्पीकर लावून ७८ डेसिबल, तेव्हा कपाटात ५७. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. म्हणजे ही जागा खरोखर कामाची.

तांबूने पहिल्या दिवशी वाकळ हुंगली आणि निघून गेली. मी काही बोलले नाही. रात्री पाहिलं तर माझी डावी चप्पल आत होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पुन्हा पायरी सहा. कपाटात बसून खाते.

पाटावर माझी लेव्हल, टेप आणि हेल्मेट, नवऱ्याचा लॅपटॉप, लेकीचं कंपासपेटी-दप्तर मांडलं होतं. लेकीने शेजारी तांबूचा हार्नेस आणि कलेजीची पिशवी ठेवली. आईंनी दोन्हीला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पिशवीला वास येत होता, त्यामुळे तांबू पाटासमोरून हलायला तयार नव्हती. पूजा संपेपर्यंत पुढचे पाय जुळवून बसली.

११ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टरांनी दिवाळीच्या दिवसांसाठी गोळी दिली आहे. मागे एका ठिकाणाहून नुसतं गुंगीचं औषध मिळालं होतं. त्याने पाय लटपटत होते पण डोळे तसेच विस्फारलेले. भीती शाबूत, फक्त पळायची ताकद गेलेली. या डॉक्टरांनी ते स्पष्ट नाही म्हटलं. नवी गोळी भीतीवरची आहे, आणि ती ऐनवेळी पहिल्यांदा द्यायची नाही, शांत दिवशी देऊन बघायची. आज दिली. दोन तासांनी जराशी सुस्त, चाल सरळ, जेवली. ठीक. मात्रा इथे लिहीत नाही, ती प्रत्येक कुत्र्याची वेगळी आणि डॉक्टरांनीच ठरवायची.

१२ ऑक्टोबर, रविवार

सोसायटीतल्या मुलांना घरी बोलावलं. नऊ जण आले. मी नियमांचं पुस्तक वाचायला बसले नाही, पण मोठ्या मुलांनी विचारलं म्हणून सांगितलं: रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके चालत नाहीत, आणि फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाणारा फटाका विकायलाच मनाई आहे. मग सांगितलं की आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तांबूला त्याच्या दुपटीहून वर. रॉकेटची जी शिट्टी आपल्यासाठी संपते ती तिच्यासाठी पुढे चालूच असते.

मुलं गप्प झाली ती आकड्यांनी नव्हे. मी वाकळ बाजूला करून कपाट दाखवलं. एक सात-आठ वर्षांचा मुलगा आत डोकं घालून आला आणि म्हणाला, ‘काकू, ही इथे लपते? एकटी?’

ठराव त्यांनीच केला. बॉम्ब आणि माळा पार्किंगमध्ये नाहीत, कोपऱ्यावरच्या मैदानात. वेळ आठ ते नऊ. खाली फक्त फुलबाज्या, भुईनळे, भुईचक्रं. गेटवर कागद लावला, त्यावर तांबूचं चित्र, खाच असलेल्या कानासकट. बाहेरच्या लोकांना तो कागद बांधील नाही, हे मला माहीत आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

टिकल्यांच्या पिस्तुलांचा टकटकाट सुरू. पूर्वी यालाही पळायची. आज दर टिकलीला कान, मग माझ्याकडे नजर, मग घास. एकविसाव्या टिकलीला ती झोपली.

फराळ वरच्या फळीवर. बेसनाच्या लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. यंदा आईंनी बेदाण्याऐवजी काजू लावले, मला न विचारता.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

एक गोष्ट सुटली होती. सगळं वेळापत्रक संध्याकाळचं केलं, आणि पहिला बॉम्ब आज पहाटे पावणेपाचला फुटला. घर अभ्यंगस्नानाच्या गडबडीत, मी उटणं लावलेल्या हातांनी पॅसेजमध्ये धावले. तांबू आधीच कपाटात. न्हाणीघरात माणसं असल्याने बादलीची वाट बंद होती, पण तिने ती शोधलीही नाही. वाकळीतून फक्त नाक बाहेर.

घास घेतला नाही. चौथ्या आवाजाला घेतला, आणि माझं उटण्याचं बोट चाटून तोंड वाकडं केलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

४.०० – खाली फिरवून आणलं, उजेडात, गर्दीच्या आधी. हार्नेस, दोन दोऱ्या, एक माझ्या कमरेला.
४.४५ – भरपेट भात-कोंबडी. गोळी.
६.१० – पूजा. लाह्या-बत्तासे. तांबू पूजेला आली, बत्ताशाकडे पाहून घेतलं, परत कपाटात.
७.२० – लांबून सुरुवात. पंखा आणि आईंचा रेडिओ लावला. कान मागे, धाप नाही.
८.०० – मैदान सुरू. मुलांनी वेळ पाळली. मी कपाटासमोर फरशीवर, पाय लांब करून. तिचं डोकं माझ्या घोट्यावर.
८.२५ – बाहेरच्या रस्त्यावर हजाराची माळ, अगदी भिंतीलगत. थरथर. जांभया. डोळ्याची पांढरी कड. घास नाकारला. पुन्हा नाकारला. मी हात आत घालून तळवा तिच्या छातीवर ठेवला. तिथे, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, केसांचा एक पांढरा भोवरा आहे. ठोके इतके जलद की मोजता येईनात.
८.४० – माळ संपून सुतळी सुरू. तीन. तिसऱ्यानंतर नाकपुड्या हलल्या. कलेजीचा तुकडा मी धरलेला नव्हता, गोधडीवर ठेवलेला होता. तिने मान लांब केली आणि जिभेच्या टोकाने उचलला. चावला नाही, नुसता गिळला. मग दुसरा. दुसरा चावला.
९.१५ – शांत. पाणी प्यायली.
९.५० – एक रॉकेट. कान, नजर, घास.
११.३० – दाराशी जाऊन उभी. लघवी. आज ती अनंत चतुर्दशीसारखी अकरा तास धरून बसली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लेक पॅसेजमध्येच माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. नवऱ्याने तिघींवर पांघरूण घातलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

थकलेली. दिवसभर शहाबादीवर उताणी, चारही पाय वर. तिसऱ्या शिट्टीला मात्र उठली.

२ नोव्हेंबर, रविवार. तुळशीचं लग्न

ऊस, चिंचा, बोरं, आवळे, अंतरपाट म्हणून लेकीची ओढणी. मंगलाष्टकांना तांबूने सूर लावला, यंदा सगळ्यांनी तो धरूनच चाललं होतं.

अक्षता पडल्या आणि खाली कुणीतरी दिवाळीतला उरलेला सुतळी बॉम्ब लावला. मी दचकले. गेले आठ दिवस पिशवी कमरेला नव्हती, धुऊन वाळत घातली होती. तांबू बाल्कनीच्या दारात बसलेली. कान ताठ झाले, अंग एकदा आखडलं, मान वळली. कपाटाकडे वळेल असं वाटलं. तिने माझ्या कमरेकडे पाहिलं. मग हाताकडे. मग तोंडाकडे. शेपटीचं टोक जमिनीवर एकदा आपटलं.

कलेजी घरात नव्हती. ‘अगं, बघतेय काय,’ आई म्हणाल्या, आणि नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी मोडून त्यांनी तिच्यापुढे हात केला.